रमाबाईंना त्या पुस्तकात काय सापडलं?

उद्या रविवार, ५ एप्रिल. यंदा ईस्टर नेमका याच तारखेला आलाय. आणि ५ एप्रिल म्हणजे आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी. १९२२ साली याच दिवशी त्या गेल्या.

दरवर्षी या तारखेला दोन प्रकारच्या पोस्ट फिरतात. पहिलीत रमाबाई थोर समाजसुधारक असतात, विधवांचा आधार असतात आणि त्यांचा ख्रिस्ती धर्म एका ओळीत उरकलेला असतो. दुसरीत त्यांनी धर्म बदलला एवढंच असतं आणि काम एका ओळीत उरकलेलं असतं. खाली कमेंटमध्ये भांडण. संध्याकाळपर्यंत सगळे दमतात, पोस्ट खाली जाते, विषय संपतो.

या दोन्हींत एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. वयाची चोविशी पूर्ण व्हायच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा अशी पाच माणसं गमावलेल्या एका बाईला त्या पुस्तकात असं काय सापडलं, की पुढची चाळीस वर्षं तिने ते हातातून सोडलं नाही?

मी ख्रिस्ती नाही, हे आधीच सांगतो. पण वीस वर्षं तालुक्याची बातमीदारी करतोय. अपघात, विहिरीत पडलेलं पोर, कर्जापायी गेलेला शेतकरी, कोविडचे ते दिवस. बातमीसाठी दुःखाच्या दारात उभं राहावं लागतं. तिथे लोक एकमेकांना काय बोलतात ते कानावर पडतं. "देवाची इच्छा." "जे होतं ते चांगल्यासाठी." "आता रडू नको, पोरांकडे बघ." ज्याला हे सांगतात त्याचा चेहराही मी पाहतो. म्हणून हा प्रश्न मला धर्मांतराच्या वादापेक्षा जवळचा वाटतो. माणूस कोसळतो तेव्हा शब्द खरंच उपयोगी पडतात का? पडत असतील तर कोणते?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

आधी रमाबाईंच्या दुःखाचा हिशेब

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी समाजाचा रोष पत्करला आणि जंगलात जाऊन राहिले. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांत पुराण सांगत फिरत राहिलं. रमाबाईंना भागवत लहानपणीच आईकडून पाठ झालं.

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि हे कुटुंब उपाशी राहिलं. पुराण सांगणाऱ्याला दक्षिणा द्यायला लोकांकडेच काही नव्हतं. मजुरीची सवय नाही, भीक मागायची लाज. दागिने गेले, भांडी गेली. मग झाडपाला. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मुलगा श्रीनिवास मजुरी करायला तयार झाला. पण उशीर झाला होता. आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण.

उरले भाऊ-बहीण. दोघांनी हजारो मैल पायी तुडवले. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ गेला. त्याच वर्षी, १८८० मध्ये, रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. वेगळी जात, वेगळी भाषा. १८८१ मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला.

तान्ही मुलगी, विधवापण, वय तेवीस. हिशेब इथे थांबवू. पुढचा नंतर येईल.

तीन पुस्तकं, तीन भाषा

आता एक गोष्ट बघा. बायबल रमाबाईंच्या हातात एकदम आलं नाही आणि आलं तेव्हा लगेच भावलंही नाही.

पहिल्यांदा कलकत्त्यात कुणीतरी त्यांना संस्कृत बायबल दिलं. संस्कृत म्हणजे त्यांची घरची भाषा. तरीही ते त्यांना परकं वाटलं. ही भाषा आपल्या ग्रंथांसारखी नाही, हे वाचण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही, असं त्यांचं मत झालं.

दुसऱ्यांदा आसामात, सिलचरच्या घरी. घरातल्या पुस्तकांत त्यांना एक छोटी पुस्तिका सापडली, बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान. हे त्यांना आवडलं. साधी भाषा, साध्या गोष्टी. नवऱ्याला ते फारसं रुचलं नव्हतं, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय.

तिसऱ्यांदा इंग्लंडात. १८८२ मध्ये नवरा गेल्यावर त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. ऐकायला कमी यायचं म्हणून डॉक्टरकी राहून गेली. आणि तिथे दुःखाच्या हिशेबात आणखी एक भर पडली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी इंग्लंडातच आपलं आयुष्य संपवलं. परक्या मुलखात, मायबोलीतलं बोलायला असलेलं एकमेव मोठं माणूस गेलं.

या दिवसांत भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांसाठी तिथे आश्रम होता. त्या बायकांशी भगिनी मायेने वागतात, हे रमाबाईंनी पाहिलं. असं का करता, म्हणून विचारलं. तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट.

ही गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भर दुपारी एक बाई एकटीच पाण्याला येते. तिची पाच लग्नं झालेली, आता आहे तोही तिचा नवरा नाही. तिच्या जमातीशी यहुदी लोक ताटपाण्याचा व्यवहार ठेवत नाहीत. विहिरीवर एक यहुदी गुरू दमून बसलाय. तो तिच्याकडे पाणी मागतो. तिलाच धक्का बसतो. मग तो तिच्याशी देवाबद्दल बोलत बसतो, ज्या गोष्टी एरवी पंडितांशी बोलायच्या त्या.

आपल्याकडे पाणवठा म्हणजे काय, कोण कोणाच्या हातचं पाणी पितं आणि पीत नाही, हे समजवायला लागत नाही. रमाबाईंनाही लागलं नसणार. धर्मग्रंथ ऐकवणाऱ्या घरात वाढलेल्या या बाईला धर्मग्रंथात प्रथमच एक अशी बाई भेटली, जिला आधी सुधारायला सांगितलेलं नाही. आधी तिच्याशी बोललं गेलं. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

पण समाधान तेव्हा मिळालं नाही

इथे दोन्ही बाजूंच्या पोस्टवाल्यांनी थांबून ऐकावं. बाप्तिस्मा झाला आणि सगळं शांत झालं, असं रमाबाईंनी स्वतः कुठेही म्हटलेलं नाही. उलट पुढची काही वर्षं त्या वाँटेजच्या भगिनींशी आणि पाद्र्यांशी तत्त्वांवरून वाद घालत होत्या. ती पत्रं १९७७ मध्ये आपल्याच महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली आहेत. वाचा म्हणजे कळेल, ही बाई कुणाच्या सांगण्यावरून काही मानणाऱ्यातली नव्हती.

१९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली. त्यात त्या सरळ म्हणतात की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो बुद्धीला पटला म्हणून, पण मनाची शांती त्यानंतर आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमाराला मिळाली. धर्म मिळाला होता, पण ज्याच्यासाठी तो धर्म, तो भेटला नव्हता, असा त्याचा आशय. तोवर त्या अमेरिका पाहून आल्या होत्या, मुंबईत ११ मार्च १८८९ ला शारदा सदन काढून ते पुण्याला हलवलं होतं, नाव झालं होतं, मदत येत होती. आणि आतून मात्र रितेपण होतं. त्या दिवसांत हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. वर्षानुवर्षं प्रवचनं देऊनही आपण आतून कोरडेच होतो, असं तो पाद्री लिहितो. ते वाचून त्या परत बायबलकडे वळल्या, या वेळी वादासाठी नाही, गरजेपोटी.

दुःखातलं सांत्वन हे इंजेक्शनसारखं नसतं, एवढं तरी या आठ वर्षांवरून कळतं.

त्या पुस्तकात आहे तरी काय?

मी बायबल वाचलं ते पत्रकार म्हणून. केडगावातल्या एका वयस्कर ख्रिस्ती बाईंनी मला सांगितलं होतं, "दादा, पहिल्यापासून नका वाचू, मधून वाचा. स्तोत्रं वाचा." वाचली. आणि चकित झालो.

बाहेरून आपली समजूत अशी असते की धर्मग्रंथ म्हणजे धीराचे शब्द. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातली बरीच चक्क तक्रारी आहेत. तू झोपलास का, कुठे गेलास, किती दिवस वाट बघू, असा जाब देवाला विचारलाय. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. तरीही ते पवित्र ग्रंथात ठेवलंय, गाळलेलं नाही.

ईयोबाचं पुस्तक घ्या. मुलं गेली, धन गेलं, अंगभर फोड उठलेत. तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर नुसते बसून राहतात, तोंडातून शब्द नाही. तिथवर सगळं बरं. मग ते बोलायला लागतात, तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणतात, आणि पुस्तकाच्या शेवटी देव ईयोबाला नाही, या बोलक्या मित्रांना रागावतो. आपल्या दहाव्या-तेराव्याला हे पान वाचून दाखवायला हरकत नाही!

आणि लाजराची गोष्ट. येशू त्याला उठवणार आहे, गोष्टीप्रमाणे त्याला ते ठाऊक आहे. तरी लाजराच्या बहिणीला रडताना पाहून तो आधी स्वतः रडतो. उपाय माहीत असतानाही आधी रडणारा देव.

आपल्या मातीला हे परकं नाही. दुष्काळात बायको आणि पोर गमावलेले तुकोबा विठ्ठलाशी कसे भांडतात, ते आपण जाणतो. म्हणूनच कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशा आशयाचं म्हणत. ज्या देवाशी भांडता येतं, त्याच्याजवळच रडता येतं.

समाधान मिळालेली बाई गप्प बसली का?

धर्म माणसाला शांत करतो आणि शांत माणूस अन्याय सोसत राहतो, असं आपल्यातले काही पुरोगामी मित्र म्हणतात. रमाबाईंकडे बघून हे म्हणता येत नाही.

१८९३ मध्ये शारदा सदनात मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात गदारोळ झाला. 'केसरी'ने झोडपलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या हलल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतःचं कुटुंब कसं उपाशी मेलं ते आठवत होतं, म्हणूनच गेल्या. तिथून शेकडो मुली, कोवळ्या विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर आणलं. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दीड-दोन हजार जीव राहत होते. अंधांसाठी वेगळं सदन, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन', म्हाताऱ्यांसाठी 'प्रीती सदन'.

१८९७ मध्ये प्लेगच्या सरकारी इस्पितळात मुलींचे जे हाल झाले, त्याबद्दल त्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. सरकार गोरं आणि ख्रिस्ती, पत्र लिहिणारी ख्रिस्ती. तरी लिहिलं.

१९०५ मध्ये मुक्तीत एक मोठी घटना झाली. प्रार्थनेला बसलेल्या मुली मोठमोठ्याने रडू लागल्या, रात्र रात्र प्रार्थना चालल्या. ख्रिस्ती इतिहासात त्याला 'पुनरुज्जीवन' म्हणतात, जगभर त्याची चर्चा झाली. त्याचा धार्मिक अर्थ लावणं माझं काम नाही. मला एवढंच दिसतं की त्यात बऱ्याच पोरी दुष्काळातून आलेल्या होत्या. आई-बाप डोळ्यांदेखत गेलेले. त्यांना मोकळं रडायला जागा कुणी दिली होती?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे

एकाचं समाधान दुसऱ्याची जखम होऊ शकतं. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांना शांती मिळाली. आणि नाशिककडे त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. 'स्मृतिचित्रे' वाचलंय त्यांना हे माहीत आहे.

लक्ष्मीबाई पुढे टिळकांकडे परतल्या तेही सोवळंओवळं सांभाळून. मग एक दिवस त्यांच्याच मनात उजाडलं की ही शिवाशिव देवाने केलेली नाही, माणसांनी केलीय. कुणाच्याही हातचं पाणी प्यायला त्यांनी सुरुवात केली आणि १९०० मध्ये स्वतःच्या मर्जीने बाप्तिस्मा घेतला. पुन्हा पाणीच बघा. पण मधल्या वर्षांतलं त्यांचं दुःख त्यामुळे खोटं ठरत नाही, आणि त्यांनीही ते लपवलं नाही. श्रद्धेची गोष्ट सांगताना घरात मागे राहिलेल्या माणसाचं रडणंही सांगावं लागतं. ते गाळलं की प्रचार उरतो.

शेवटचं काम

आता उरलेला हिशेब. मनोरमा म्हणजे रमाबाईंचा उजवा हात. शिकलेली, शाळा चालवणारी, पुढे मुक्ती तीच सांभाळणार हे ठरलेलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. वय चाळीस. आईच्या आधी लेक.

त्या वेळी रमाबाईंच्या टेबलावर एक काम होतं, कितीतरी वर्षं चाललेलं. संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर. मराठीत बायबल आधीपासून होतं. मग दुसरं कशाला? कारण त्यातले जड संस्कृत शब्द मुक्तीतल्या नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बायकांना कळत नव्हते. म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीत छापखाना होता. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं आश्रमातल्या बायका-मुली करायच्या. दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या पोरी बायबलची पानं जुळवत होत्या.

विचार करा. संस्कृतात पदवी मिळवलेली बाई. अख्खं भागवत पाठ. आणि आयुष्याच्या शेवटी ती संस्कृत शब्द एकेक करून बाजूला काढतेय. का? कलकत्त्यात हातात पडलेलं संस्कृत बायबल तिला बोललं नव्हतं आणि सिलचरच्या घरातली बंगाली पुस्तिका बोलली होती. दुःखातल्या माणसाला न कळणारा शब्द, कितीही पवित्र असला तरी, दगडासारखा पडून राहतो, हे तिने भोगलेलं होतं.

लेक गेल्यावरही काम थांबलं नाही. शेवटच्या आजारातही मुद्रितं तपासणं सुरू होतं. लेक जाऊन नऊ महिनेही झाले नव्हते, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. रमाबाईंना त्या पुस्तकात दुःखाचं कारण सापडलं नाही. आपली माणसं का मेली याचं उत्तर त्यांना मिळालं असं त्यांच्या लिखाणात मला दिसलं नाही. त्यांना सापडली सोबत, आणि ती आपल्या भाषेत बोलणारी. ती मिळाल्यावर त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. अडाणी ठरवलेल्या बाईला रात्री कंदिलाजवळ बसून स्वतःची स्वतः वाचता यावी, म्हणून आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घातली.

आपण कुठल्याही धर्माचे असू, पुढच्या वेळी कुणाच्या दारात जाऊ तेव्हा ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवू. बोलायचंच झालं तर समोरच्याला कळेल असं, थोडं बोलू.

एक विनंती. केडगाव, दौंड, शिरूर, नगर भागात कुणाच्या घरी मुक्ती छापखान्यात छापलेलं रमाबाईंच्या भाषांतराचं जुनं बायबल असेल, आजी-पणजीने जपलेलं, समासात काही लिहिलेलं, तर मला कळवा. मी येऊन बघीन, पानांचे फोटो काढीन, प्रत तुमच्याकडेच राहील. आपल्या तालुक्यातल्या बायकांनी खिळा खिळा जुळवून छापलेलं पुस्तक आहे ते. रद्दीत जाऊ देऊ नका.

सगळ्या ख्रिस्ती मित्रमैत्रिणींना ईस्टरच्या शुभेच्छा.